लंडन पाहावें कसें?

गेल्या कांहीं महिन्यांत वाचकांकडून आलेल्या पत्रांत एक प्रश्न वारंवार दृष्टीस पडला. कोणाचा मुलगा लंडनास नोकरीस आहे, कोणाची कन्या तेथें संसार करीत आहे. घरांतील वडील मंडळींस पांच-सहा महिन्यांकरितां तिकडे येण्याविषयीं आग्रहाचें बोलावणें येतें. आणि मग तेथें जाऊन पाहावें तरी काय, व तें पाहून आपणांस लाभ काय, असा विचार मनांत येतो. आमच्या पणजोबांच्या पिढींत समुद्रोल्लंघन करणारास परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावें लागत असे. हल्लीं तें प्रायश्चित्त जाण्यापूर्वींच उरकतें: अर्ज, छायाचित्रें, बोटांचे ठसे, पेन्शनीचे दाखले, आणि प्रत्येक ठिकाणीं निराळी दक्षिणा! इतकें सोसून जो गृहस्थ तेथें पोंचतो त्यानें केवळ पुलापुढें उभें राहून छायाचित्र काढून घ्यावें व परतावें, हें आम्हांस पटत नाहीं.

प्रस्तुत लेखकास हा योग सन २०२३ च्या मे ते जुलै या महिन्यांत सहकुटुंब आला. आमची मुलगी व जांवई तेथें असतात. दहा वर्षांची नात तेथील शाळेंत जाते आणि घरीं मराठी बोलते. जन्मभर मुलांना संस्कृत व इतिहास शिकविणारा मास्तर ज्या दृष्टीनें पाहील त्या दृष्टीनें आम्हीं तें शहर पाहिलें. तेव्हां पुढील मजकूर म्हणजे यात्रेकरूंची मार्गदर्शिका नव्हे; एका शिक्षकानें दुसऱ्या घरच्या वडील माणसांशीं केलेलें हितगुज आहे, असेंच वाचकांनीं समजावें.

प्रथम व्यवहाराच्या दोन गोष्टी. एका दिवसांत एकच स्थळ पाहावें. लंडनचीं संग्रहालयें इतकीं विस्तीर्ण आहेत कीं, सर्व पाहूं म्हणणाराचे गुडघे प्रथम थकतात, नंतर डोळे, आणि शेवटीं जिज्ञासा. दुसरें असें कीं, तेथें उत्तम तेवढें महाग असें मुळींच नाहीं. डिसेंबर २००१ पासून सरकारी अनुदानावर चालणाऱ्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांचा नित्याचा संग्रह सर्वांस विनामूल्य पाहावयास मिळतो. खास प्रदर्शनांस मात्र तिकीट पडतें. उलट मेणाचे पुतळे, नदीकांठचा १३५ मीटर उंचीचा पाळणा, राजवाड्यापुढील पहाऱ्याची अदलाबदल, यांसाठीं गर्दी फार, आणि पहिल्या दोहोंसाठीं द्रव्यहि फार. मुलांच्या हौसेसाठीं तींहि पाहावींत. त्यांविषयीं अधिक लिहिण्याजोगें आमच्यापाशीं कांहीं नाहीं. शहराची रचना पाहावयाची असेल तर दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदीं पुढें बसावें. त्यासारखा स्वस्त रथ दुसरा नाहीं.

आमच्या मतें लंडनदर्शनाचा आरंभ ग्रीनिच येथून करावा. भूगोलाच्या पुस्तकांत शून्य रेखांश म्हणून जें नांव आपण सर्वांनीं घोकलें, तें गांव थेम्स नदीच्या कांठीं एका टेकडीवर आहे. दुसऱ्या चार्लस राजानें इ. स. १६७५ मध्यें ही वेधशाळा स्थापन केली. हेतु शुद्ध व्यावहारिक होता: भर समुद्रांत आपलें जहाज पूर्व-पश्चिम नेमकें कोठें आहे हें खलाशांस कळावें. अक्षांश सूर्याच्या व ध्रुवाच्या उंचीवरून काढतां येई. रेखांश मात्र कळत नसे, आणि त्या अज्ञानापायीं जहाजें खडकांवर फुटत. इ. स. १७१४ मध्यें पार्लमेंटानें कायदा करून या प्रश्नाच्या उत्तरास २०,००० पौंडांचें पारितोषिक जाहीर केलें.

मोठमोठे ज्योतिषी आकाशांत उत्तर शोधीत असतां तें सांपडलें जॉन हॅरिसन नांवाच्या एका सुतारकाम करणाऱ्या माणसास. निघालेल्या बंदराची वेळ बरोबर सांगणारें घड्याळ जहाजावर असलें, तर तेथील मध्यान्ह आणि बंदरची वेळ यांतील फरकावरून रेखांश निघतो. चार मिनिटांस एक अंश. हें तत्त्व सर्वांस ठाऊक होतें; परंतु हेलकावे, थंडी व उष्मा सोसून बिनचूक चालणारें घड्याळ कोणासहि करतां येत नव्हतें. हॅरिसननें तीं घडविलीं. त्याचीं तीन प्रचंड यंत्रें आणि चौथें, तळहातांत मावेल एवढें, अशीं चारी घड्याळें ग्रीनिच येथें ठेविलेलीं आहेत. चौथ्या घड्याळानें १७६१-६२ च्या जमैकाच्या सफरींत ८१ दिवसांत अवघ्या पांच सेकंदांची चूक केली! तरीहि विद्वानांच्या मंडळानें त्यास अनेक वर्षें झुलवीत ठेविलें. राजानें मनावर घेतल्यानंतर १७७३ मध्यें पार्लमेंटानें त्यास ८,७५० पौंड दिले, तेव्हां तो ऐंशी वर्षांचा होता. आमच्या समवयस्क वाचकांनीं या घड्याळापुढें थोडा वेळ अवश्य उभें राहावें. साठीनंतर आपलें काम संपलें असें मानणारास तें फार चांगलें औषध आहे.

बाहेरच्या अंगणांत धातूच्या पट्टीनें ती प्रसिद्ध रेषा दाखविली आहे. एक पाय पूर्व गोलार्धांत व एक पश्चिम गोलार्धांत ठेवून उभें राहण्यासाठीं तेथें रांग लागते. गंमत अशी कीं, उपग्रहांच्या साह्यानें आज जी शून्य रेषा मानितात, ती या पट्टीच्या पूर्वेस सुमारें १०२ मीटरांवर, बागेच्या मोकळ्या गवतावरून जाते, आणि तेथें चिटपांखरूंहि नसतें! आम्हांस तेथें उज्जयिनीचें स्मरण झालें. लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेषा सूर्यसिद्धान्तानें मानिली आहे, भास्कराचार्यांनींहि मानिली आहे. आणि शेंकडों वर्षें आपल्याकडील गणित तीवरून चाललें. मग जगाचें शून्य उज्जयिनीस कां राहिलें नाहीं? याचें उत्तर अभिमानांत अगर विषादांत नाहीं, तें कोष्टकांत आहे. ग्रीनिचच्या वेधांवरून १७६७ पासून खलाशांचें पंचांग दरवर्षीं छापून निघूं लागलें, जगांतील बहुतेक जहाजें तें वापरूं लागलीं, आणि इ. स. १८८४ मध्यें वॉशिंग्टन येथें पंचवीस राष्ट्रें जमलीं तेव्हां त्यांनीं चालत आलेली गोष्ट बहुमतानें मान्य केली, एवढेंच. रेषा भूमीवर नसते. ती ज्याचें पंचांग लोक वापरतात त्याच्या दारावरून जाते. मुंबईकरांनीं तर आपली स्वतंत्र ‘मुंबई वेळ’, हिंदी प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें, थेट १९५५ पर्यंत चालविली. हट्टानेंहि कांहीं काळ निभावतें, हाच त्याचा अर्थ.

ग्रीनिचनंतर आमची शिफारस एका अशा स्थळाची आहे, जेथें पाहावयास जवळजवळ कांहींच नाहीं. सोहो नांवाच्या गजबजलेल्या भागांत ब्रॉडविक स्ट्रीट या गल्लींत एक पाण्याचा पंप उभा आहे. तो मूळचा नव्हे, त्याची प्रतिकृति आहे. आणि त्यास दांडा नाहीं. इ. स. १८५४ च्या ऑगस्टअखेर या वस्तींत पटकीची सांथ उद्भवली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. रोग घाणेरड्या हवेंतून पसरतो, असें तेव्हांच्या बहुतेक वैद्यांचें मत होतें. डॉ. जॉन स्नो यांनीं घरोघर चौकशी करून मृत्यु नकाशावर मांडले, तों ते या एका पंपाभोंवतीं दाटलेले दिसले. जवळच्या दारूच्या कारखान्यांतील कामगार पंपाचें पाणी पीत नसत. ते वांचले होते. ८ सप्टेंबर रोजीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. सांथ तत्पूर्वींच ओसरूं लागली होती, हें स्नो यांनीं स्वतःच प्रांजळपणें नमूद केलें आहे. परंतु दूषित पाणी हेंच कारण होय, हा मुद्दा त्यांनीं सोडला नाहीं. तो जगानें मान्य करण्यापूर्वींच १८५८ मध्यें ते वारले. ज्यांच्या घरांत पटकीनें एका आठवड्यांत तीन-तीन माणसें गेल्याच्या कथा आज्यांनीं सांगितल्या आहेत, त्यांस त्या बिनदांड्याच्या पंपापुढें हात जोडावेसे वाटल्यास नवल नाहीं. आमच्या कुटुंबानें ते जोडले. रस्त्यानें जाणारांनीं वळून पाहिलें, पाहोत बापडे!

त्याच १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्स नदीस इतकी दुर्गंधि सुटली कीं, पार्लमेंटाचे पडदे चुनकळीच्या औषधांत भिजवून टांगावे लागले. दुर्गंधि सभासदांच्या नाकापर्यंत पोंचली, तेव्हां पैसा तत्काळ मंजूर झाला! बॅझलजेट नांवाच्या इंजिनिअरानें शहराखालून गटारांचें जाळें बांधिलें, आणि त्यांतील कांहीं भाग नदीकांठच्या ज्या रुंद रस्त्याखालीं दडविला, त्यावरून आज लोक हवा खात फिरतात. पर्यटक पूल पाहतात. शहर ज्यावर तगलें आहे तें पायांखालीं आहे.

आतां ब्रिटिश म्यूझियमकडे वळूं. १७५३ मध्यें कायद्यानें स्थापन झालेलें व १७५९ मध्यें लोकांस खुलें झालेलें हें संग्रहालय. आंत शिरतांच मोठें काचेचें छप्पर असलेला चौक लागतो, आणि डाव्या अंगास ईजिप्तच्या दालनांत रोझेटा येथील प्रसिद्ध शिला आहे. एकच राजाज्ञा तीन लिप्यांत कोरलेली. १७९९ मध्यें ती फ्रेंच सैनिकांस सांपडली, १८०१ मध्यें इंग्रजांनीं त्यांजकडून घेतली, आणि १८२२ मध्यें शांपोल्यों या फ्रेंच पंडितानें तिच्या आधारें ईजिप्तची चित्रलिपि उलगडली. शिलेपुढें एक शिक्षिका वीस-पंचवीस मुलांना जमिनीवर बसवून विचारीत होती, “तुम्हांला काय दिसतें?” सनावळी नाहीं, धडा नाहीं, प्रथम पाहा, मग बोला. पस्तीस वर्षें वर्गांत उभ्या राहिलेल्या माणसास तो देखावा शिलेइतकाच मोलाचा वाटला.

त्याच संग्रहालयांत, काचेआड एका शांत दालनांत, आंध्र देशींच्या अमरावतीचे शिल्पपट आहेत. दोन हजार वर्षांपूर्वींचा तो स्तूप. कांहीं पटांवर बुद्धाची मूर्ति कोरलेली नाहीं. रिकामें आसन, वृक्ष व पदचिन्हें एवढ्यानेंच त्याची उपस्थिति सुचविली आहे. एक शिळा तर दोन्ही अंगांनीं कोरलेली आहे: एका बाजूस आधींच्या काळचें रिकामें आसन, आणि कित्येक पिढ्यांनंतर तीच शिळा उलटून दुसऱ्या बाजूस अख्खा स्तूप. आमच्या नातीनें ती शिळा मागून पुढून पाहिली, खालची पाटी वाचली, आणि विचारलें, “आबा, हे दगड आपले ना? मग ते इथं कसे?”

हा प्रश्न प्रत्येक आजोबास तेथें केव्हां ना केव्हां ऐकावा लागणार. म्हणून त्याचें उत्तर घरूनच तयार करून न्यावें. सोपीं उत्तरें दोन आहेत. “त्यांनीं चोरलें” हें एक. “त्यांनीं नेलें म्हणून तरी राहिलें” हें दुसरें. पहिल्यानें मुलाच्या मनांत राग भरतो, दुसऱ्यानें लाज. आणि जें मूल त्याच देशांतील शाळेंत त्याच देशांतील सोबत्यांबरोबर रोज बसावयाचें आहे, त्यास या दोहोंपैकीं एकाहि शिदोरीवर जन्म काढतां येणार नाहीं. शिवाय दोन्ही उत्तरें अर्धींच खरीं आहेत.

अमरावतीचीच हकीकत पाहा. १७९७ मध्यें मॅकेंझी हा अधिकारी तेथें पोंचला तेव्हां तेथील जमीनदार त्याच टेकाडांतले दगड काढून नवें गांव बांधीत होता. पुढें १८४५ मध्यें वॉल्टर एलियट यानें खोदून बरेच पट मद्रासेस नेले. तेथें ते कित्येक वर्षें उन्हापावसांत पडून होते. १८५९ मध्यें ते विलायतेस रवाना झाले. आणि ज्ञानाचे रक्षक म्हणविणाऱ्या त्या राजधानींतहि ते एका गाडीखान्यांत टाकलेले होते. १८६७ च्या सुमारास फर्ग्युसन या वास्तुपंडिताची त्यांवर दृष्टि गेली, तेव्हां कोठें त्यांची किंमत कळली. यांत आपली बेपर्वाई आहे, त्यांचीहि आहे. सत्तेचा जोर तर आहेच, कारण त्या काळीं विचारून नेण्याजोगें आपलें कोणी राज्यावर नव्हतें. आणि परत देण्याची गोष्ट काढली, तर १९६३ च्या कायद्यान्वयें संग्रहालयाच्या विश्वस्तांस संग्रहांतील वस्तु, कांहीं थोडे अपवाद सोडल्यास, देऊन टाकतांच येत नाहींत. म्हणजे कुलूपहि त्यांचें आणि किल्ली हरविल्याची सबबहि त्यांचीच!

आम्हीं नातीस सांगितलें, “बाळ, प्रत्येक वस्तूला वेगळें विचारायचं. चार प्रश्न. तुला घडवलं कुणीं? तूं होतीस कुठें? इथं आलीस कशी? आणि आज तुला कोण वाचतं?” तिनें ते वहींत लिहून घेतले. त्यानंतर आम्हीं जेथें जेथें गेलों, तेथें तेथें ती वही आमच्या पुढें होती.

टॉवर किल्ल्यांत या प्रश्नांस फार लवकर उत्तरें मिळालीं. अकराव्या शतकांत विजयी विल्यमनें बांधावयास घेतलेला हा किल्ला. येथें तिकीट पडतें व तें हलकें नाहीं. राजरत्नें जेथें ठेविलीं आहेत तेथें माणसांनीं थांबून गर्दी करूं नये म्हणून पायांखालची जमीनच पट्ट्यासारखी सरकते. देवळांतल्या ‘पुढें चला’ची ही यांत्रिक आवृत्तिच. कोहिनूर मोंगलांकडून १७३९ मध्यें नादिरशहानें नेला, त्याच्या मागून अफगाणांकडे गेला, १८१३ मध्यें रणजितसिंगाकडे आला, आणि १८४९ च्या लाहोरच्या तहानें दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून इंग्रजांनीं घेतला. १८५१ च्या महाप्रदर्शनांत मांडला तेव्हां लोकांस तो पुरेसा चकाकत नाहीं असें वाटलें. म्हणून दुसऱ्याच वर्षीं तो नव्यानें पैलू पाडून १८६ कॅरटांचा सुमारें १०५ कॅरटांचा करण्यांत आला. म्हणजे जें आणलें तें तसेंहि ठेविलें नाहीं. मे २०२३ मधील राज्यारोहणांत राणीनें तो हिरा धारण केला नाहीं. आणि त्याच महिन्यांत नव्यानें मांडलेल्या दालनांत तो जिंकून आणिल्याची कबुली प्रथमच स्पष्ट शब्दांत दिसूं लागली. आमच्या कुटुंबानें सरकत्या पट्ट्यावरून दोनदां जाऊन तो पाहिला व अभिप्राय दिला, “एवढ्याशासाठीं का त्या पोराला आईपासून तोडलं!” दुलीपसिंगाची कथा तिनें आदल्या रात्रीं वाचली होती. आमच्या नातीच्या वहींत चौथ्या प्रश्नापुढें तिनें लिहिलें: कोणी नाहीं, सगळे नुसतेच पाहतात.

साउथ केन्सिंग्टन येथील व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयाचें मूळ १८५२ चें. कारागिरी हाच त्याचा विषय असल्यामुळें घरांतील स्त्रियांस हें सर्वांत अधिक आवडतें. वस्त्रें, दागिने, भांडीं, नक्षी यांत दिवस कसा जातो कळत नाहीं. टिपू सुलतानाचा लांकडी वाघ याच संग्रहांतला. गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेला, पोटांत बाजाची पेटी, आणि दांडा फिरविला कीं माणूस कण्हतो व वाघ गुरगुरतो. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इकडे आला. येथीलच वाघनखें जुलै २०२४ मध्यें तीन वर्षांच्या करारानें साताऱ्यास आलीं, हें वाचकांस ठाऊकच आहे. तीं प्रत्यक्ष शिवछत्रपतींचींच होत असें सिद्ध करतां येत नाहीं, असें खुद्द संग्रहालयानें नमूद केलें आहे. श्रद्धेनें पाहणारांनीं श्रद्धेनें पाहावींत. परंतु तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर अपुरें असेल तर तें अपुरें आहे असें मुलांना सांगावें. त्यांत महाराजांचा मोठेपणा तिळमात्र कमी होत नाहीं.

याच संग्रहालयाच्या कोठारांत महाराष्ट्राशीं अगदीं निकटचा संबंध असलेली एक ठेव आहे, आणि तिची वार्ता आपल्याकडे फारशी कोणास नाहीं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराची १८४४ मध्यें नेमणूक झाली. त्यानें वर्षानुवर्षें लेण्यांत बसून काढलेलीं चित्रें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलीं असतां १८६६ च्या आगींत बहुतेक सर्व जळून गेलीं. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे हिंदी विद्यार्थी यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत हंगामामागून हंगाम अजिंठ्यास घालवून पुनः सुमारें तीनशें चित्रें केलीं. तींहि लंडनास गेलीं, आणि १८८५ मध्यें त्यांतील पुष्कळ आगींतच गेलीं. उरलेलीं या संग्रहालयांत आहेत. लेण्यांतील मूळ रंग दिवसेंदिवस पुसट होत असतां, त्यांतला कित्येक भाग दीडशें वर्षांपूर्वीं कसा होता हें मुंबईच्या त्या विद्यार्थ्यांच्या कुंचल्यामुळेंच आज कळतें. सुरक्षितपणाची बढाई कोणीहि मारूं नये. आम्ही परत येऊन महिना झाला नाहीं तोंच, ऑगस्ट २०२३ मध्यें, ब्रिटिश म्यूझियममधूनच सुमारें दोन हजार वस्तु नाहींशा झाल्याचें अथवा खराब केल्याचें उघडकीस आलें, आणि संचालकांस पद सोडावें लागलें. जपणूक हा कोणत्याहि राष्ट्राचा जन्मजात गुण नव्हे. तो रोजचा नेम आहे. चुकला कीं बुडाला.

आम्हांस सर्वांत समाधान वाटलें तें सेंट पँक्रस येथील ब्रिटिश ग्रंथालयाच्या संबंधांत. सतराव्या शतकांत मेवाडच्या राणा जगतसिंगानें वाल्मीकिरामायणाची एक भव्य सचित्र पोथी लिहवून घेतली. पुढें तिचीं कांडें विखुरलीं. राणा भीमसिंगानें कर्नल टॉडला कांहीं दिलीं, तीं लंडनास गेलीं; कांहीं हिंदुस्थानांतच राहिलीं, त्यांतील पानें मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहेत. पोथी कोणाची, याचा वाद घालीत बसते तर दोन्ही संस्थांस आणखी शंभर वर्षें पुरला असता. त्याऐवजीं त्यांनीं एकत्र येऊन विखुरलेल्या पानांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि मार्च २०१४ मध्यें ती पोथी संगणकाच्या पडद्यावर सर्वांस खुली केली. आमच्या नातीनें घरच्या टेबलाशीं बसून तें पान उघडलें. चित्र लंडनचें कीं मुंबईचें हें तिनें विचारलेंच नाहीं. “आबा, ही ओळ वाचा,” एवढेंच म्हणाली. आम्हीं वाचली, अर्थ सांगितला, तिनें पुढची लावण्याचा यत्न केला. चौथ्या प्रश्नाचें उत्तर असें मिळालें. मूळ पानें मायदेशीं यावींत ही इच्छा त्यामुळें मावळत नाहीं. परंतु तीं येईपर्यंत न वाचण्यास आतां कांहीं सबब उरली नाहीं.

मराठी माणसानें लंडनांत आणखी तीन दारें अवश्य पाहावींत. मेडा व्हेल भागांत १०, हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्यें येथें राहिले, असा निळा फलक आहे. हायगेट येथें ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू म्हणजे श्यामजी कृष्णवर्मा यांनीं १९०५ मध्यें स्थापिलेलें इंडिया हाउस. तेथें सावरकरांच्या नांवाचा फलक आहे. हीं दोन्ही बाहेरूनच पाहावयाचीं. आंत लोक राहतात, त्यांस उपद्रव देऊं नये. तिसरें १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्यें डॉ. आंबेडकर विद्यार्थी असतां येथें राहत होते. २०१५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें हें घर घेतलें व तेथें त्यांचें स्मारक केलें. परदेशांत, अपुऱ्या पैशांत, ग्रंथालयाचीं दारें बंद होईपर्यंत अभ्यास करणाऱ्या त्या पुरुषाच्या घरीं प्रत्येक मराठी कुटुंबानें, आणि आपल्यासारख्यांनीं तर आवर्जून, आपलीं मुलें न्यावींत. विद्येची परंपरा आमच्या घरीं आहे असें म्हणणारांनीं विद्येसाठीं काय सोसावें लागतें तें तेथें पाहावें.

आतां परत येतांना काय आणावें? आम्हीं साबण व चॉकलेटें आणलींच. तीं आठवड्यांत संपलीं. वाचकांस एक निराळी गोष्ट सुचवितों. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं माळ्यावर नाहीं तर देवघराच्या फडताळांत रुमालांत बांधलेल्या जुन्या पोथ्या आहेत. कोणीं लिहिल्या, कोणत्या गांवीं, आपल्या घरीं कशा आल्या, हें सांगणारीं माणसें एकेक करून जात आहेत. वाळवी मात्र कोठें जात नाहीं. पावसाळा सरला कीं एक रविवार काढून घरांतील सर्वांनीं तीं गांठोडीं उघडावींत; आजोबांनीं सांगावें, सुनांनीं वा लेकींनीं लिहावें, मुलांनीं पानांचीं छायाचित्रें घ्यावींत. सांभाळणें होत नसेल तर पुण्यास १९१० पासूनचें भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१७ पासूनची भांडारकर संस्था आहे, तेथें विचारावें. आणि घरींच ठेवावयाच्या असतील तर प्रत्येक रुमालांत एक चिठ्ठी घालावी. तीवर चार ओळी पुरेत: घडविलें कोणीं, होती कोठें, येथें आली कशी, आणि चौथ्या ओळींत, आज ती वाचणाराचें नांव. ती चौथी ओळ कोरी राहूं नये, एवढेंच मागणें आहे.